हेल्मेट: माप, पट्टा आणि निगा

मंडळी, हल्ली शेतकरी बाजाराला जातो तो मोटरसायकलवरून आणि गुरुजी शाळेला जातात तेही मोटरसायकलवरूनच. हेल्मेटही पुष्कळांकडे असते. पण ते कुठे? कोणाचे आरशाला टांगलेले, कोणाचे कोपरात अडकवलेले. डोक्यावर असले तरी पट्टा सुटा! गाडी घसरली की असे हेल्मेट एकीकडे जाते आणि डोके दुसरीकडे.

हेल्मेटचे काम चालते कसे? वरचे कवच टणक असते आणि त्याच्या आत थर्माकोलचा जाड थर असतो. डोके आपटले की हा थर चिरडतो, आघाताचा जोर आपल्यावर घेतो आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. पण एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद समजावे.

आता माप. भुवयांच्या इंचभर वरून शिंप्याची टेप डोक्याभोवती फिरवा. येईल तो सेंटीमीटरचा आकडा पाहून हेल्मेट निवडा. ते घालून दोन्ही हातांनी डावीउजवीकडे हलवा. कपाळाची कातडी बरोबर सरकली, तर माप बरोबर. नुसते हेल्मेटच फिरले, तर ते सैल. पट्टा असा आवळा की हनुवटीखाली दोनच बोटे जातील. मग मागची कड धरून पुढे ओढा. डोक्यातून निघून आले तर ते घेऊ नका. आयएसआयची खूण आणि आय. एस. ४१५१ हा क्रमांकही पाहून घ्या.

निगा सोपी आहे. कोमट साबणपाण्याने पुसा, सावलीत वाळवा. पेट्रोल, रॉकेल, थिनर मात्र लावू नका; त्याने कवच आणि थर्माकोल दोन्ही खराब होतात.

२०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचे आहे. पण वडिलांचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर घालून काय उपयोग? ते नुसते गरगर फिरते. शिक्षक बंधुभगिनींनो, एक तास यासाठी द्या. मुलांना एकमेकांच्या डोक्याचे माप घेऊ द्या, म्हणजे गणितही होईल आणि तो आकडा घरीही पोचेल.

दंडाची भीती राहू द्या बाजूला. अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ साली निष्कर्ष निघाला, की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. तेव्हा उद्या गाडीला किक मारण्याआधी पट्टा लावायचा. लावाल ना?