वगाला रात्र लागते

चैत्र-वैशाखात पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी जत्रा भरतात. रब्बीची सुगी उरकलेली असते आणि पाऊस अजून लांब असतो. गावकरी वर्गणी काढून नारायणगावच्या राहुट्यांवर जातात, फडमालकाशी बोलणी करून तमाशाची सुपारी देतात. तमाशाचा सगळा घाट या उघड्यावरच्या रात्रीनेच घडवला आहे, असं मला ठामपणे वाटतं. देवाच्या पालखीचा छबिना होतो, जेवणं उरकतात, मग ढोलकी-हलगीची सलामी लांबच्या वस्त्यांना वर्दी देते. गण, गवळण, मावशीची थट्टामस्करी चालू असताना माणसं येत राहतात, सतरंजी टाकून बसत राहतात. उशिरा आलेल्याचं काही बुडत नाही. सुरत्ये ओळीचा शेवट टिपेला उचलून धरतात, तेव्हा तो पटांगणाच्या कडेला बसलेल्यापर्यंत पोहोचतो. गर्दी स्थिरावल्यावरच वग लागतो. त्यातलं कथानक थोडकं असतं. सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर ते वाढत वाढत पहाटेला भिडतं.

‘विच्छा माझी पुरी करा’सारखं वसंत सबनीसांचं लोकनाट्य बंदिस्त नाट्यगृहात धो धो चाललंच ना, असं कुणी विचारील. चाललं, आणि उत्तम चाललं. पण तिथे प्रेक्षक ठरल्या वेळी येऊन बसतो आणि तीन तासांत उठतो. त्या मापाने ते लिहिलेलं होतं. फडाचा वग त्या मापात बसत नाही. त्यात 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आली. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण त्यातले बरेचसे गणेशोत्सव-नवरात्राला जातात. आजारी माणसाची, लहान मुलाची झोप मोडू नये, ही तक्रार रास्तच आहे आणि नियम मोडा असं मी म्हणणार नाही. मात्र वैशाखात दिवस मावळायलाच सात वाजतात. लवकर सुरू करा म्हटलं तरी पालखीआधी पटांगणात कोण येणार? वेळ तोकडा पडला की पहिली कात्री वगाला लागते आणि चित्रपटातली गाणी तेवढी उरतात. मग तमाशात आता नुसता नाच राहिला, अशी ओरड होते. जत्रेची तिथी वर्षभर आधी ठाऊक असते. सवलतीचे दिवस ठरवताना ती धरली आणि फडाने गाणी आटोपती घेऊन दहाला वग लावला, तर कथेला निदान दोन तास मिळतील.