आरशाला लटकलेला वास

नांदेडहून लातूरला निघालात की आधी लोहा लागतं, मग खंडोबाचं माळेगाव, पुढे अहमदपूर आणि चाकूर. आणि बऱ्याच घरांत याच रस्त्यावर मागच्या सीटवरच्या कुणाला तरी हमखास गाडी लागते! लोह्यापर्यंत गप्पा रंगलेल्या असतात. माळेगाव मागे पडतं तसं ते लेकरू गप्प होतं, तोंडाला पाणी सुटतं, आणि अहमदपूरच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यावी लागते. मोठी माणसं म्हणतात, "निघताना एवढं खाऊ नको म्हटलं होतं ना!" पण तुम्ही कधी समोरच्या आरशाकडे बघितलंय का? तिथे एक छोटीशी बाटली झुलत असते. स्ट्रॉबेरीचा, मोगऱ्याचा, नाहीतर समुद्राचा म्हणून विकला जाणारा वास सोडत असते. आज या बाटलीची नीट चौकशी करू या.

आधी सांगा, वास येतो म्हणजे नेमकं काय येतं?

वस्तूच येते! नांदेडजवळचं अर्धापूर केळीसाठी प्रसिद्ध आहे. पिकलेल्या केळीचा घड घरात आला की दारातच कळतं. कारण केळ्यातून आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या पदार्थाचे रेणू सारखे हवेत उडत असतात. त्यातले काही श्वासाबरोबर तुमच्या नाकात शिरतात. म्हणजे केळ्याचा एक अतिसूक्ष्म अंश खरोखर तुमच्या नाकात पोचलेला असतो. गंमत बघा, मधमाशी डंख मारते तेव्हा तिच्या डंखापाशी हाच पदार्थ सुटतो, आणि तो हुंगून बाकीच्या माश्या चवताळून येतात. म्हणून मधमाश्या पाळणारी माणसं पेटीजवळ जाण्याआधी केळी खायचं टाळतात.

नाकाच्या आत, अगदी वरच्या बाजूला, हे रेणू पकडणारे ग्राहक असतात. माणसाकडे त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. मग वास हजारो कसे ओळखता येतात? वाजवायच्या पेटीवर पट्ट्या मोजक्याच असतात, पण दोन-चार एकदम दाबल्या की वेगवेगळे मेळ तयार होतात, तसंच हे आहे. केळ्यासाठी एक जुळणी, मोगऱ्यासाठी दुसरी. हे ग्राहक ज्या जनुकांमुळे तयार होतात, ती लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघांनी १९९१ मध्ये शोधून काढली. २००४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं.

आता आपल्या बाटलीकडे वळू. गाडीच्या आरशाला वास टांगण्याची ही रीत फार जुनी नाही. १९५२ साली अमेरिकेतल्या वॉटरटाउन गावात ज्युलियस झेमान नावाचे एक रसायनतज्ज्ञ होते. दुधाचा ट्रक चालवणारा एक जण सांडलेल्या दुधाच्या वासाला कंटाळला होता, त्याची तक्रार त्यांच्या कानावर आली. झेमान यांनी पूर्वी कॅनडाच्या जंगलांत पाइन झाडांच्या तेलांचा अभ्यास केला होता. त्यांनी जाड शोषक कागदात सुगंधी तेल मुरवलं आणि कागदाला झाडाचा आकार दिला. ते कागदी झाड आजही विकलं जातं. ते वापरायची खरी पद्धत मात्र फार थोड्यांना माहीत आहे. प्लॅस्टिकची पिशवी एकदम फाडायची नसते. आधी फक्त टोक उघडं करायचं आणि मग दर आठवड्याला पिशवी थोडी थोडी खाली ओढायची. आपण काय करतो? पहिल्याच दिवशी पिशवी टराटरा फाडून टाकतो आणि कित्येक आठवड्यांचा वास एकदमच गाडीत सोडतो.

त्या ट्रकमधल्या दुधाचं पुढे काय झालं असेल? नासलेल्या दुधाचा तो आंबूस वास बऱ्याच अंशी ब्युटिरिक आम्लाचा असतो. खवट तुपात तेच असतं, उलटीच्या वासातही तेच. पाइनचा वास आला म्हणून हे आम्ल कुठे पळून जात नाही. ते सीटच्या फोममध्ये तसंच मुरलेलं राहतं. आता हवेत दोन्ही असतात, आम्लाचे रेणूही आणि पाइनचेही. मला या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. सेंट गाडीतला घाण वास काढून टाकत नाही, हवेत आणखी काहीतरी भरतं.

वास खरोखर घालवणारी वस्तू तुमच्या स्वयंपाकघरात आहे : खायचा सोडा. सांडलेलं आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं आणि त्यावर सोडा भुरभुरायचा. सोडा आणि आम्ल एकत्र आले की क्षार तयार होतो. क्षार हवेत उडत नाही. आणि जे उडत नाही ते नाकापर्यंत पोचत नाही, म्हणजे वासच नाही! तासाभराने सोडा झाडून काढा आणि दारं उघडी ठेवून सीटला ऊन दाखवा. मराठवाड्यात उन्हाला काय तोटा?

पण हेच ऊन बाटलीच्या बाबतीत आपल्याला नडतं. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४,००० लिटर हवा असते. छोट्या कारमध्ये जेमतेम तीनेक हजार. म्हणजे खोलीत जो वास मंद वाटेल, तोच काचा लावलेल्या गाडीत दहापट दाट होतो. त्यात मे महिन्यातलं लातूरचं ऊन! अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या संशोधकांनी उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांमधलं तापमान मोजून बघितलं आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पारा ३८ अंशांच्या वर असलेल्या दिवसांत तासाभरात गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली होती आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. जितकी उष्णता जास्त, तितके सुगंधाचे रेणू भराभर उडतात. दुपारी लग्नघरासमोर चार तास उभी असलेली गाडी उघडल्यावर जो भपकारा येतो, तो यामुळेच.

फवाऱ्याच्या डब्यांचं तर विचारूच नका. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. डॅशबोर्ड ६९ अंशांवर! आत दाबाखाली भरलेला वायू फुगतो आणि डबा फुटू शकतो. असा डबा उन्हातल्या गाडीत ठेवायचाच नाही, मग कंपनी कुठलीही असो.

बाटलीत असतं तरी काय? एक घटक तुम्ही घरी बघू शकता. एक फुगा चांगला ताठ फुगवा. मोसंबीच्या किंवा संत्र्याच्या सालीचा तुकडा फुग्याजवळ धरून असा दाबा की सालीतून बारीक तुषार फुग्यावर उडतील. डोळ्यांपासून लांब धरा, ते झोंबतात. फट्! सालीच्या तेलातलं लिमोनीन फुग्याचं रबर विरघळवतं. 'लेमन' किंवा 'सिट्रस' लिहिलेल्या सेंटमध्ये हेच लिमोनीन असतं. बाटली कलंडली आणि तेल डॅशबोर्डवर सांडलं की तिथलं प्लॅस्टिक पांढुरकं आणि चिकट होतं, ते का हे आता कळलं असेल. हवेतल्या ओझोनशी लिमोनीनची गाठ पडली की त्यातून थोडं फॉर्माल्डिहाइडही तयार होतं, आणि ते डोळ्यांना व घशाला त्रास देतं.

बाकीचे घटक? ते बाटलीवर सहसा लिहिलेलेच नसतात. नुसतं 'सुगंध' एवढाच शब्द असतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ॲन स्टाइनमन यांनी साबण, धुलाईची पावडर, एअर फ्रेशनर अशा २५ सुगंधी वस्तू तपासल्या. त्यांतून हवेत उडणारे १३३ वेगवेगळे पदार्थ निघाले. लेबलांवर जवळपास कशाचाच पत्ता नव्हता.

म्हणजे हे विष आहे का? नाही. धडधाकट माणसाला, काचा थोड्या उघड्या असताना, मंद वासाने सहसा काही होत नाही. पण दमा असलेल्याला धाप लागू शकते, अर्धशिशीवाल्याचं डोकं उठू शकतं. तान्ही बाळं तर वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. आणि गाडी लागणं? त्याचं मूळ कारण वेगळं आहे. कानाच्या आतला तोलाचा अवयव सांगतो 'आपण हलतोय' आणि पुस्तकात खुपसलेले डोळे सांगतात 'आपण स्थिर आहोत', या भांडणातून मळमळ सुरू होते. उग्र वास ती मळमळ वाढवतो.

"आम्ही सेंट लावत नाही, कापूर टांगतो," असंही कुणी म्हणेल. कापूरही हवेतच उडतो, म्हणून तर त्याची वडी लहान होत जाते. धाकट्या भावंडाने तो गिळला तर झटके येण्याइतका धोका असतो. डांबर गोळ्या तर गाडीत नकोतच. रंगीत जेलच्या डब्या लहान मुलांना खाऊ वाटतात, त्याही त्यांच्या हाताला लागू देऊ नका.

वास जास्त झालाय का, हे ओळखायची आता एक कसोटी सांगतो. लातूरच्या गंजगोलाई या बाजारपेठेला १६ रस्ते येऊन मिळतात. तिथे गुळाच्या दुकानापुढे उभं राहिलात की वास येतो आणि मिरचीच्या दुकानापुढे नाक झोंबतं. हे झोंबणं म्हणजे वास नव्हे! ते कळवणारी नस वेगळी आहे, तिचं नाव ट्रायजेमिनल. ती इजेची सूचना देते. गाडीतल्या सेंटने नाक झोंबलं किंवा डोळे चुरचुरले, तर ते जास्त झालंय असं समजा.

हे मोठ्यांना कळत नाही, कारण रोज त्याच वासात बसून त्यांचं नाक सरावलेलं असतं. वास येईना म्हणून ते दुसरी बाटली आणतात. तुम्ही बाहेरून नुकते आलेले असता, तुमचं नाक खरं सांगतं. म्हणून दुकानात तुम्हीही बरोबर जा. झाकण घट्ट बसतं का, वास कमी-जास्त करता येतो का, घटक लिहिलेत का, ते बघा. आरशाला लोंबणारी वस्तू रस्ता झाकते, ती नकोच. एसी लावल्यावर कुबट वास येत असेल तर बाटलीऐवजी मेकॅनिककाकांना केबिन फिल्टर बघायला सांगा. रस्त्यावरच्या धुळीने तो लवकर भरतो.

आणि पुढच्या वेळी नांदेडहून निघताना बाबांना सांगा, आधी चारही काचा उघडून गाडी पाच मिनिटं मोकळी करू या. तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस बरोबर असेल, तर बाटली घरीच ठेवा.