अंगठ्याची सूज आणि न सांगितलेली तक्रार

आरोग्य शिबिरात पन्नाशीचे एक गृहस्थ पायाचा सुजलेला अंगठा घेऊन आले. रात्री चादर लागली तरी जीव जातो म्हणाले. तपासून झाले, गोळ्या मिळाल्या, तरी ते दारातच घुटमळले. शेवटी वहिनीच पुढे आल्या. "ताई, यांना आणखी एक त्रास आहे, पण ते बोलणार नाहीत."

तो त्रास म्हणजे लिंगाला ताठरता न येणे. नर्सच्या नोकरीत मी असे कितीतरी पुरुष पाहिले. डॉक्टरांपुढे गप्प बसतात आणि भिंतीवरची 'गुप्तरोग' जाहिरात वाचून हजारो रुपये घालवतात.

अंगठ्याचा आजार गाऊट. रक्तात युरिक ॲसिड दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहू लागले की त्याचे सुईसारखे खडे सांध्यात साचू शकतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २०१ पुरुष होते. गाऊट असलेल्यांत ७६ टक्क्यांना ताठरतेची अडचण होती, नसलेल्यांत ५१ टक्क्यांना. गाऊटमुळेच ती येते, हे यातून सिद्ध होत नाही. पण संबंध नक्की आहे.

ताठरता हा रक्तपुरवठ्याचा मामला आहे. रक्तवाहिन्या सैल झाल्या तरच तिथे रक्त भरते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, तंबाखू यांनी वाहिन्यांचे आतले अस्तर खराब होते, आणि गाऊटच्या रुग्णात यातले काही ना काही बहुधा असतेच. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड आधी तिथे दिसतो. हृदयविकाराची ती आगाऊ सूचना असू शकते. तेव्हा ही तक्रार असेल तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, युरिक ॲसिडही वाढवतात आणि ताठरताही कमी करू शकतात. डॉक्टर त्या बदलून देऊ शकतात. आपल्या मनाने बंद करू नका.

खाण्याचे म्हणाल तर वजडी, कलेजी, गुर्दा आणि तारलीसारखी मासळी कमी करा. दारू, त्यातही बिअर, बंदच. (पंचशील घेतलेल्या घरातही बाटली असते, हे मी पाहिले आहे.) गोड शीतपेयेही टाळा. पण डाळ तोडू नका! डाळ-उसळीने गाऊट बळावतो असे आढळलेले नाही, आणि गरिबाच्या ताटात प्रथिने दुसरी कुठून येणार?

वारंवार दुखत असेल तर युरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवावे लागते. त्यासाठी ॲलोप्युरिनॉल रोज, बहुधा कायम घ्यावी लागते. दुखणे थांबले म्हणून ती सोडली की अंगठा पुन्हा सुजतो. गोळीनंतर अंगावर पुरळ उठले तर मात्र ती लगेच थांबवून डॉक्टरांकडे जा. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर किडनी जाते.

ताठरतेसाठी सिल्डेनाफिल नावाची गोळी आहे, पण ती डॉक्टरांनी दिली तरच. छातीत दुखते म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

तोंडाने सांगायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर दोन ओळी लिहून केसपेपरला जोडा. त्या गृहस्थांनी तेच केले.