माडीवरील भिंतीचे वजन

घरात माणसे वाढली की माडीचे दोन भाग करण्याचा विचार प्रथम निघतो. चौलच्या आमच्या जुन्या घरी तो गेल्या वर्षी निघाला. धाकट्या बंधूंच्या मुलाचे लग्न ठरले होते. माडी दहा फूट रुंद व चोवीस फूट लांब. तिच्या मधोमध विटांची भिंत घालावी असे सर्वानुमते ठरले. "मास्तर, साडेचार इंची भिंत ती काय!" असे गवंडीही म्हणाला. ती काय, हेच आम्ही पाटीवर मांडून पाहिले.

भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त चितीचा, म्हणजे विटांच्या राशीचा, हिशेब घनफळावरून सांगितला आहे. आम्ही त्या घनफळास वजनाने गुणिले, एवढेच अधिक. भिंत ३ मीटर लांब, ३ मीटर उंच; घनफळ सुमारे १ घनमीटर. वीटकामाचे वजन घनमीटरास सुमारे १,९०० किलो. दोन्ही अंगांच्या गिलाव्याचे साडेचारशे. मिळून जवळजवळ २,४०० किलो!

पुतण्या हुशार. तो म्हणाला, "काका, माझ्या मुंजीत याच माडीवर पन्नास पाने बसली होती. त्यांचे वजन याहून अधिक भरेल." आक्षेप खरा होता. परंतु ती माणसे सर्व माडीभर बसली होती. एकेका तुळईच्या वाट्यास सहा-सात जण, म्हणजे चारशे किलो आले. भिंत मात्र एकाच तुळईवर उभी राहणार. जणू चाळीस माणसे एका रांगेत बसली आणि हात धुवावयास उठलीच नाहीत. अभियंते यास स्थिर भार म्हणतात. येणाजाणाऱ्या माणसांचा भार निराळा धरतात. राहत्या घरासाठी भारतीय मानकाप्रमाणे तो चौरस मीटरास २०० किलो. लाकूड घटकाभराचे ओझे सोसते, पण कायमच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षे वाकत जाते. त्यातून आपल्या किनाऱ्यावरचा पाऊस! जांभ्याच्या भिंतीत रोवलेली तुळईची टोके ओलीने आतून कुजतात व वरून रंग लावल्यास दिसतही नाहीत.

सिमेंटच्या घरात राहणाऱ्यांनी निश्चिंत असू नये. पाच इंची स्लॅबचे स्वतःचेच वजन चौरस मीटरास तीनशे किलोंहून अधिक. जुनी फरशी उखडण्याचा खर्च वाचावा म्हणून तिच्यावरच दोन इंच माल पसरून नवी बसविली, तर आणखी शंभरावर. आपल्याच जिल्ह्यात, महाडास, २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे गेली. तिच्या कारणांचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण त्या संध्याकाळपासून आम्ही माथ्यावरच्या छताकडे पाहू लागलो, हे खरे.

अखेर चौकट उभारून इंचभर जाडीच्या फळ्यांचा आडपडदा घातला. सगळा मिळून दोनशे किलोंच्या आत. पलीकडची कुजबुज अलीकडे स्पष्ट ऐकू येते, अशी नव्या सूनबाईंची तक्रार आहे. तीवर उपाय आम्हांस अद्याप सुचलेला नाही.