मिरविणे आणि पुढे जाणे

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीस मुक्काम करते. पुढे सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी असे करीत इंदापूर गाठते. पालखीबरोबर चालणे म्हणजे काय, हे या दोन तालुक्यांतील माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून ख्रिस्ती उपासनेतील मिरवणुकीविषयी बोलावयास ही जागा आम्हांस सोयीची वाटते.

आपला 'मिरवणूक' हा शब्द मात्र जरा आड येतो. मिरविणे म्हणजे दाखविणे. लॅटिनमधील मूळ शब्दाचा अर्थ एवढाच, की पुढे जाणे. झावळ्यांच्या रविवारी हा फरक नीट दिसतो. येशू यरुशलेमेत शिरला तो गाढवावर बसून. घोडा हे लढाईचे जनावर, ते त्याने घेतले नाही. लोकांनी वाटेवर वस्त्रे अंथरली, डहाळ्या पसरल्या. पाचच दिवसांनी त्यास क्रुसावर दिले. मिरवावे असे त्या वाटेच्या शेवटी काही नव्हते, तरी ती वाट चालावयाची, हा या उपासनेचा गाभा.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री यरुशलेमेस गेली होती. तिने लिहून ठेवले आहे, की त्या दिवशी लोक जैतुनाच्या डोंगरावरून पायी उतरत, चालता न येणारी मुले आईबापांच्या खांद्यावर असत, आणि कोणी दमू नये म्हणून सारे अगदी सावकाश चालत. मोर्चे काढण्यात आमचे आयुष्य गेले. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायाने मोर्चा चालवावा, हे आम्ही फार उशिरा शिकलो!

क्रमही पाहण्यासारखा. कॅथलिक मिरवणुकीत क्रूस सर्वांपुढे, आणि मुख्य धर्मगुरू सर्वांत मागे. आमच्या पुढाऱ्यांना हे मानवणे कठीण. प्रॉटेस्टंट पंथांनी यांतील पुष्कळ मिरवणुका सोडून दिल्या, हेही सांगितले पाहिजे. गोव्यात गोवा वेल्हा येथे मात्र झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या सोमवारी संतांच्या मूर्ती आजही खांद्यावरून नेतात.

१९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा 'कामगार संत योसेफ' याचा सण ठरविला. सुताराचा सण आणि लाल बावट्याचा दिवस एकाच तारखेस आले. आमच्या काही सोबत्यांना ही चढाओढ वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. दोन्हीकडे चालणारे पाय बहुधा सारखेच असतात.

झावळ्या भाविक घरी नेऊन जपतात. पुढल्या वर्षी त्या जाळून जी राख होते, तीच राखेच्या बुधवारी कपाळी लावतात.