एकशे पस्तीस अंशांचा वाक

तालुक्याच्या गावांतही दवाखाने मजल्यांवर मजले चढवताहेत, बघून या, असं संपादक म्हणाले. कडेगावात एक बांधकाम गाठलं. नकाशा नेहमीचा: रुंद रॅम्प, वर शस्त्रक्रिया विभाग, खाली पार्किंग. उंच बांधकामाचं या गावाला नवल नाही. मोहरमचे गगनचुंबी ताबूत इथलेच. मी रेंगाळलो ते सळया वाकवणाऱ्या फिटरपाशी; कारण भूकंप.

गुहागर–विजापूर रस्ता कोयनानगर, पाटण, कराड करत इथे येतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात धरणाला तडे गेले आणि दख्खनचं पठार हलत नाही हा समज मोडला. भारतीय मानकानुसार रुग्णालय साध्या घराच्या दीडपट भूकंपबल धरून आखतात. भूकंपानंतर घरातून माणसं बाहेर पळतात, इथे आत आणली जातात. २००१मध्ये भुजचं रुग्णालय कोसळलं; नवं शिसं-रबराच्या बेअरिंगवर उभारलं. छोट्या दवाखान्याला तो खर्च कुठला झेपायला? इथे भिस्त रिंगेवर.

रिंग म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणारी, बहुधा ८ मिलिमीटरच्या सळईची चौकट. टोकं नुसती काटकोनात वळवली, तर हादऱ्यात वरचं काँक्रीट सुटतं, रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. टोकं १३५ अंशांत वळून गाभ्यात रुतली की ती धरून ठेवते. कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांना दोन रिंगांत १०० मिलिमीटरहून जास्त अंतर नको. हे १९९३च्या मानकातही आहे. किल्लारीच्या भूकंपाचं साल तेच.

फिटरने फळीवरच्या खुंट्यांत सळई अडकवून दोन झटक्यांत हूक वळवला. इतका नेमका हात क्वचितच दिसतो. मी तसं म्हणालो, तर तो म्हणाला, "वाकवायला काय न्हाय सायेब, घालताना जीव जातुय."

खरंच जातो. वळलेला हूक सळयांच्या गर्दीतून सरकत नाही, म्हणून कुणी तो उघडतो, रिंग बसवतो आणि तसाच सोडतो. बीम-कॉलमच्या सांध्यात तर व्हायब्रेटरची सुईही शिरत नाही. तिथल्या रिंगा सरळ गाळल्या जातात. काँक्रीट पडलं की पुन्हा कोण बघणार? त्यात मजुरी टनावर. जाड सळई बांधली की वजन भरतं. रिंगांत दिवस जातो आणि काटा हलत नाही. पार्किंगसाठी तळमजल्याच्या भिंती गेल्यावर सगळा हादरा याच कॉलमांवर येणार, तरी दर तोच.

रिंगांना नगावर पैसे द्या की, असं मी ठेकेदाराला सुचवलं. तो हसला. "मग टेंडरात तसं लिवा. आमी कुटं नको म्हनतोय?"