लक्ष कोणत्या मापाने मोजायचे?

हे पान वाचता वाचता क्षणभर थांबा. डोळे मिटा आणि एक मिनिटभर कानांवर येणारे आवाज मोजा. तुम्ही रहिमतपुरातल्या एखाद्या वर्गात बसला असाल, तर पंख्याची घरघर, शेजारच्या वर्गातला गलका, रस्त्यावरून जाणारा उसाचा ट्रॅक्टर आणि वारा अनुकूल असेल तर स्टेशनाच्या बाजूने येणारी पुणे-मिरज गाडीची शिटीही ऐकू येईल.

हे आवाज डोळे मिटल्यावर निर्माण झाले काय? नाही. ते आधीही तुमच्या कानाच्या पडद्यावर आदळतच होते. परंतु तुमचा मेंदू वाचनात गुंतला होता, म्हणून त्याने ते मागे सारले. अनेक गोष्टींतून हवी ती निवडायची, तिच्यावर टिकून राहायचे आणि वेळ आली की तेथून निघून दुसऱ्या कामाकडे वळायचे, या क्रियेला आपण 'लक्ष' म्हणतो. या कामात मेंदूच्या कपाळामागील भागाचा मोठा वाटा असतो. डोपामीन व नॉरअॅड्रेनालीन ही रासायनिक द्रव्ये त्यासाठी आवश्यक असतात.

काही मुलांच्या बाबतीत ही व्यवस्था वेगळ्या रीतीने चालते. आवडीच्या खेळात तासन् तास रमणारा मुलगा पाच ओळींचे गणित पुरे करू शकत नाही. वही घरी राहते, डबा शाळेत राहतो. प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर तोंडातून निसटते. म्हणजे त्याच्याजवळ लक्ष नसते असे नव्हे. ते हवे तेव्हा हवे तेथे वळवणे व तेथे ठेवणे त्याला अवघड जाते. या अवस्थेला अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एडीएचडी' असे नाव पडले आहे. जगभरातील पाहण्यांनुसार सुमारे ५ टक्के मुलांमध्ये ती आढळते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरीने तीन!

हे काही आजचे खूळ नव्हे. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवर घालणे त्यांना जमत नव्हते.

एका वाचनावरून निष्कर्ष

आता एक कबुली देतो. आमच्या प्रयोगशाळेत साध्या लंबकाचा प्रयोग चालू होता. लंबकाची वीस आंदोलने मोजायची आणि त्यांना लागलेला वेळ स्टॉपवॉचवर पाहायचा, एवढेच काम. एका विद्यार्थ्याचे मोजणे दर वेळी बारा-तेराच्या आसपास चुकत असे. मी त्याला सर्वांसमोर "बेफिकीर" म्हटले. पुढच्या तासाला त्याच्या जोडीदाराने एक युक्ती केली. दर पाच आंदोलनांनंतर टेबलावर खडूची एक रेघ ओढायची! त्या दिवशी त्या दोघांचे उत्तर वर्गात सर्वांत अचूक आले.

त्या मुलाला एडीएचडी होते की नाही, हे मी सांगू शकत नाही. तो माझा अधिकारही नाही. माझी चूक दुसरीच होती. लंबकाची तीन-तीन वाचने घेतल्याशिवाय सरासरी काढू नका, असे मी रोज शिकवतो. आणि त्या मुलाबद्दल मात्र एकाच वाचनावरून निष्कर्ष काढून मोकळा झालो होतो.

तज्ज्ञ काय करतात?

ताप मोजायला तापमापी आहे. लक्ष मोजणारे असे एकच उपकरण अद्याप नाही. एडीएचडीचे निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही, मेंदूच्या छायाचित्रानेही होत नाही. मग तज्ज्ञ ते कशावरून ठरवतात? चांगला प्रयोग करणारा जे करतो, तेच ते करतात.

पहिली गोष्ट म्हणजे एकाहून अधिक ठिकाणची वाचने. तज्ज्ञ मुलाशी बोलतात, आईवडिलांकडून लहानपणापासूनची हकिकत घेतात आणि शिक्षकांकडून ठराविक प्रश्नावली भरून घेतात. केवळ एकाच शिक्षकाच्या तासाला मूल चुळबुळत असेल, तर दोष कदाचित त्या तासाचाही असेल!

दुसरी गोष्ट, ठरलेले माप. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांत लक्ष न टिकण्याची ९ आणि अतिचंचलता व उतावळेपणाची ९ लक्षणे दिली आहेत. मुलांमध्ये यांपैकी एका गटातील निदान ६ लक्षणे किमान सहा महिने दिसली पाहिजेत. त्यांतील काही वयाच्या बारा वर्षांपूर्वी आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत. शिवाय त्यांमुळे अभ्यासात वा वागण्यात खरोखर अडचण यायला हवी.

तिसरी गोष्ट, इतर कारणे वगळणे. मुलाला फळा नीट दिसतो का? ऐकू येते का? झोप पुरते का? घरात काही दुःख घडले आहे का? काही सेकंद एकटक पाहत राहणारे मूल स्वप्नाळू नसून त्याला अपस्माराचा सौम्य झटका आलेला असू शकतो. वाचन-लेखनातील अध्ययन-अक्षमतेमुळेही मुलाचे लक्ष उडते, आणि कित्येकदा ती एडीएचडीच्या जोडीनेच असते.

पद्धतशीर चूक कशी शिरते, याचे एक उदाहरण पाहा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले वर्गात वयाने सर्वांत लहान असतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरमधील मुलग्यांमध्ये हे निदान ३० टक्क्यांनी आणि मुलींमध्ये ७० टक्क्यांनी अधिक झाले होते! वयाने लहान असणे हेच काहींच्या बाबतीत विकार समजले गेले असावे. उलट प्रकारची चूकही होते. गडबड न करता खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिची अडचण वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

कोणाचे काम कोणते?

हे काम एकट्याचे नाही. बालरोगतज्ज्ञ शरीराची तपासणी व वाढीची नोंद करतात. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात. निदान करणे व गरज असेल तर औषध देणे त्यांच्या कक्षेत येते. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ बुद्धी, स्मरण व अवधान यांच्या चाचण्या घेतात, पालकांना वर्तन-मार्गदर्शन करतात. ते औषध देत नाहीत. विशेष शिक्षक अभ्यासाची रीत मुलाला जुळेल अशी बदलून देतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असावी लागते. १९९२ च्या कायद्याने तशी तरतूद केली आहे. तज्ज्ञाकडे जाताना ही नोंदणी आहे ना, हे विचारण्यात संकोच नको.

या चमूतले आणखी एक तज्ज्ञ म्हणजे व्यवसायोपचारतज्ज्ञ. येथे 'व्यवसाय' म्हणजे धंदा नव्हे. दप्तर भरणे, बुटांची नाडी बांधणे, एका जागी बसून लिहिणे ही रोजची कामे म्हणजेच मुलाचा व्यवसाय. एखादे काम लहान पायऱ्यांत तोडायचे, जागेची मांडणी बदलायची आणि मुलाला ते स्वतः करता येईल असे करायचे, हे त्यांचे शास्त्र.

या शास्त्राचा आपल्या जिल्ह्याशी एक धागा आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून भारतात आल्या आणि कमलाबाई निंबकर झाल्या. त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. सातारा जिल्ह्यातील फलटणला १९८६ साली सुरू झालेली 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांचेच नाव चालवते.

औषध, आधार आणि आपण

मेथिलफेनिडेट हे यावरचे एक बरेच वापरले जाणारे औषध. मेंदूतील चेतापेशींच्या जोडांवर डोपामीन व नॉरअॅड्रेनालीन अधिक वेळ उपलब्ध राहावे, असे ते करते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. शिक्षकांनी किंवा शेजाऱ्यांनी ते सुचवू नये, आणि डॉक्टरांनी दिले असेल तर त्यावरून मुलाला टोमणेही मारू नयेत. अगदी लहान मुलांच्या बाबतीत आधी पालकांना प्रशिक्षण देतात.

शिक्षकांच्या हाती पुष्कळ आहे. मुलाला खिडकीजवळ न बसवता पुढे बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती फळ्यावरही लिहावी. दहा गणिते एकदम न देता पाच-पाच द्यावीत. मध्येच खडू आणायला, वह्या वाटायला उठवावे. चांगले केलेले काम लगेच सांगावे, महिन्याने नव्हे.

मदत कोठे मिळेल? ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातील पथके शाळांतून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि त्यांच्या यादीत एडीएचडीचाही समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी शिक्षकांनी आपली निरीक्षणे लिहून तयार ठेवावीत. पालकांना साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येईल. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवाही १४४१६ या क्रमांकावर आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडीचे वेगळे नाव नाही. म्हणून दोन्हींची तपासणी करून घेणे मुलाच्या हिताचे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचून "तुला एडीएचडी आहे" असे कोणाला चिडवू नका, स्वतःवरही तसा शिक्का मारू नका. आपण सारेच कधी ना कधी वही विसरतो. निदान हे तज्ज्ञांचे काम आहे. तुमचे काम याहून सोपे आहे आणि तेवढेच मोलाचे. शेजारी बसलेल्या मित्राचे मोजणे बाराव्या आंदोलनाला चुकत असेल, तर हसू नका. खडू घ्या आणि त्याच्यासाठी टेबलावर एक रेघ ओढा.